हातातले काम : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

जुलैच्या अंकातील लेखात मी असे लिहिले होते की, कामाचा कंटाळा आला की आपण चार दिवसांची रजा काढून महाबळेश्वर किंवा दिवेआगर गाठतो, तिथे मन रमले असे म्हणतो आणि परत आल्यावर टेबल तेच, खुर्ची तीच असते; तेव्हा निसर्ग शोधायचाच असेल तर तो आधी त्या टेबलाच्या आसपास आणि त्या कामाच्या आतच शोधावा. त्यावर बरीच पत्रे आली. काही कौतुकाची होती, काही रागाची होती, आणि खरे सांगायचे तर रागाची पत्रे मला अधिक उपयोगी वाटली. बहुतेकांनी ‘माइंडफुलनेस’ हा शब्द वापरला आहे. मी त्यासाठी ‘अवधान’ हा आपला जुना शब्द वापरते, कारण कीर्तनाच्या आरंभी बुवा श्रोत्यांकडे जे मागतात तेच इथे अपेक्षित आहे : समोर जे चालले आहे तिथे मनाने हजर राहणे. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे वगळली आहेत.

प्रश्न : मी ठाण्यातील एका बँकेत अठरा वर्षे नोकरी करते. धनादेश, केवायसीचे अर्ज, दिवसअखेरचा ताळमेळ, यापलीकडे माझ्या कामात काही नाही. आपण म्हणता तो निसर्ग यात कुठे असणार? आणि संध्याकाळी लोकलमध्ये बसल्यावर आज दिवसभर काय केले हे आठवतही नाही, याची मला भीती वाटू लागली आहे.

उत्तर : भीती वाटण्याचे कारण नाही. मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट या हार्वर्डच्या मानसशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे २,२५० माणसांना दिवसातून अवेळी फोनवर विचारले जाई की, या क्षणी आपण काय करत आहात, मन त्यातच आहे की दुसरीकडे, आणि आपल्याला कसे वाटते आहे. जवळजवळ ४७ टक्के वेळा मन दुसरीकडे होते. मन भटकलेले असताना माणसे कमी समाधानी आढळली, आणि ते सुखद विचारांकडे भटकले तरी हातातल्या कामात असण्यापेक्षा अधिक सुख मिळाले नव्हते. म्हणजे आपल्या बाबतीत जे घडते ते बहुतेकांच्या बाबतीत जवळजवळ निम्मा वेळ घडत असते.

माझा स्वतःचा अनुभव सांगते. मी तालुक्याच्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवत असे. आमच्या खोलीच्या खिडकीबाहेर एक पिंपळ होता आणि त्याच्या शेजारी कडुनिंब. पिंपळाच्या पानाचे देठ लांब आणि बारीक असते, टोक शेपटीसारखे निमुळते असते, म्हणून त्याला संस्कृतात ‘चलदल’ म्हणतात, हे मी दर वर्षी फळ्यावर लिहीत होते. पण शेजारचा निंब पूर्ण स्तब्ध असताना पिंपळ सळसळतो आहे, हे मी नोकरीच्या बाविसाव्या वर्षी पहिल्यांदा पाहिले, तेही प्राचार्यांशी वाद झाल्यामुळे तासाला न जाता खिडकीशी उभी राहिले होते म्हणून. त्या दिवसापासून मी हजेरीपटाच्या मागच्या पानावर रोज पिंपळाविषयी एक ओळ लिहू लागले. ‘पाने पिवळी, देठाजवळ अजून हिरवी.’ ‘नवी पालवी तांबूस, उन्हात आरपार दिसते.’ ‘तांबट पक्ष्याने वाळक्या फांदीला भोक पाडायला घेतले.’ एवढेच. वर्षभरात त्याचा जो परिणाम झाला तो मला अपेक्षित नव्हता. हजेरी घेताना एक मुलगी दर मंगळवारी गैरहजर असते, आणि मंगळवार हा गावच्या बाजाराचा दिवस आहे, हे माझ्या ध्यानात आले. हजेरीपटात ते चार महिने लिहिलेले होते आणि लिहिणारी मीच होते.

आता आपल्या बँकेविषयी. नोव्हेंबरमध्ये निवृत्तिवेतनधारक हयातीचा दाखला घेऊन येतात तेव्हा आपल्यासमोर अनेक सह्या येत असतील. नमुना सही पंधरा-अठरा वर्षांपूर्वीची असते आणि आजची सही थरथरलेली असते, एखादी मात्रा अर्ध्यावर सुटलेली असते. आपण ती ‘जुळते’ किंवा ‘जुळत नाही’ एवढ्यापुरती पाहता, आणि नियमानुसार ते योग्यच आहे. पण त्या दोन सह्यांच्या मधे एक हात म्हातारा झालेला असतो. पानगळ पाहायला अभयारण्यात जावे लागते असे मला म्हणूनच वाटत नाही. दिवसातील एकाच सहीपुरते तिच्याकडे दोन क्षण अधिक पाहा, काउंटरपलीकडच्या माणसाला नावाने हाक मारा, आणि लोकलमध्ये बसल्यावर ती सही आठवते का ते पाहा.

प्रश्न : माझे सोलापुरात पोळी-भाजी केंद्र आहे. मी रोज सव्वाशे ते दीडशे भाकरी थापते. हात आपोआप चालतात, डोक्यात हिशेब आणि मुलीच्या लग्नाची काळजी चालू असते. अन्न हे पूर्णब्रह्म वगैरे ऐकायला बरे वाटते; मला फक्त कंबर जाणवते.

उत्तर : कंबर जाणवते हेही अवधानच आहे, फक्त ते उशिरा येते. आधी ओट्याची उंची पाहा. थापताना वाकावे लागत असेल तर परातीखाली पाट घ्या, आणि ते न करता कोणी आपल्याला श्वासाकडे लक्ष द्यायला सांगितले तर ऐकू नका.

हात आपोआप चालतात हा दोष नाही, ती आपली वर्षानुवर्षांची कमाई आहे. नवशिकी मुलगी भाकरीकडे पाहत थापते आणि तरी ती कडेला चिरते. आपला हात न पाहता जाणतो. तेव्हा दीडशेच्या दीडशे भाकरींवर लक्ष ठेवण्याचा नियम करू नका, तो चार दिवसांत मोडेल. फक्त पहिली भाकरी पूर्ण मन लावून करा. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून आपण उकळते पाणी घालता. त्या वेळी पीठ कसा वास सोडते ते पाहा. पीठ विरी गेलेले, म्हणजे जुने होऊन विस्कटणारे, असेल तर ते पहिल्याच गोळ्याला कळते. पीठ ताजे असेल तर मळताना तळहाताला प्रतिकार जाणवतो, थापताना कडा धरून राहते. तव्यावर टाकून वरून पाणी फिरवले की ते कोणत्या क्षणी सुकते आणि भाकरी उलटायची वेळ होते, हे आपल्याला ठाऊक आहे, पण ते आपण शेवटचे कधी पाहिले?

आणि ही ज्वारी कुठून येते तेही आठवावे. आपल्या भागातील शाळू, मालदांडी, हे रब्बीचे पीक. हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा सूर्य हस्त नक्षत्रात जाण्याच्या बेतात असेल, आणि मंगळवेढ्याच्या काळ्या रानात पेरणीची घाई असेल. परतीचा पाऊस त्या खोल मातीत जेवढा मुरेल तेवढ्याच ओलीवर ते पीक बऱ्याच ठिकाणी माघ-फाल्गुनापर्यंत उभे राहते. आपण पिठात ओतता ते पाणी नळाचे असते. पिठातले पाणी या महिन्याचे असते.

दुसरी एक गोष्ट पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत पाहिलेली आहे. तिथे तांब्याच्या भांड्यावर मठारकाम होते, म्हणजे भांड्याच्या अंगावर हातोड्याचे लहान लहान ठोके एकाशेजारी एक असे दिले जातात. ठोक्यांनी तांबे कडक होत जाते. पण ते नुसते ठोकतच राहिले तर पत्रा फाटेल, म्हणून कारागीर मधेच भांडे भट्टीत तापवतो, ते मऊ होते, आणि मग पुन्हा ठोकायला घेतो. त्याला कोणी विश्रांती म्हणत नाही. तो कामाचाच टप्पा आहे. आपणही दर पन्नास भाकरींनंतर पाच मिनिटे उठून दारात उभे राहणे कामातच धरावे. मुलीच्या लग्नाची काळजी त्या पाच मिनिटांत करावी. तिलाही पूर्ण मन हवे असते.

प्रश्न : मी नागपूरच्या एका रुग्णालयात परिचारिका आहे. रात्रपाळीत एका वेळी वीस-बावीस रुग्ण असतात. ‘सेवा’ हा शब्द ऐकला की आता मला थकवा येतो. वॉर्डात झाड, फूल काहीही नाही.

उत्तर : ‘सेवा’ हा शब्द बाजूला ठेवू. तो बहुधा दुसऱ्यांनी आपल्याविषयी वापरलेला असतो, आणि बऱ्याचदा जादा पाळीच्या आधी वापरलेला असतो.

अमेरिकेतील रॉजर उलरिच यांचा १९८४ चा एक अभ्यास आपल्याला ठाऊक असेल. पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या १९७२ ते १९८१ या काळातील नोंदी त्यांनी तपासल्या आणि सारख्या स्थितीतील रुग्णांच्या २३ जोड्या लावल्या. जोडीतील एकाच्या खिडकीतून झाडे दिसत होती, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे पाहणारे सरासरीने पाऊण दिवस आधी घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. अभ्यास लहान आहे, त्यावरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. पण मला त्यातील एक तपशील महत्त्वाचा वाटतो आणि तो सांगताना लोक सहसा गाळतात. रुग्ण अस्वस्थ होता, रडला, त्याला धीर द्यावा लागला, हे उलरिच यांना कळले ते परिचारिकांनी कागदावर लिहून ठेवलेल्या टिपणांतून. नऊ वर्षे वेगवेगळ्या पाळ्यांतील बायकांनी रात्री-बेरात्री दोन-दोन ओळी लिहिल्या नसत्या, तर खिडकीचा हा परिणाम कुणाला दिसलाच नसता. त्या लिहिताना त्यांनाही ते रटाळच वाटले असणार.

वॉर्डात झाड नसले तरी पहाट असते. पाळी संपण्याआधी खिडकीजवळच्या खाटेचा पडदा आपण सरकवता का? नसाल तर सरकवा, आणि दयाळ पक्षी गातो आहे का ते ऐका. सप्टेंबरमध्ये तो बहुधा गप्पच असेल, पण मार्चनंतर अंधारातच सुरू करतो. दोन रुग्णांच्या मधे हात धुता तेवढी वीस-तीस सेकंदे रोज आपल्या वाट्याला अनेकदा येतात आणि ती कुणी हिसकावून घेऊ शकत नाही. पाण्याचा थंडपणा मनगटापर्यंत जाणवेपर्यंत मागचा रुग्ण मागे ठेवावा, एवढीच सूचना मी करू शकते.

प्रश्न : मी हिंजवडीत सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. इगतपुरीला विपश्यनेचे दहा दिवसांचे शिबिर केले. तिथे फार शांत वाटले. परत आल्यावर आठवडाभरात सगळे उडून गेले. पुन्हा शिबिराला जावे की एखादे ॲप घ्यावे?

उत्तर : ॲप घेऊ नका, ज्या यंत्रावर मन विस्कटते त्याच यंत्राला ते आवरायला सांगणे मला तरी पटत नाही.

इगतपुरीचे केंद्र सत्यनारायण गोएंका यांनी १९७६ मध्ये सुरू केले आणि तेथील शिस्त आपण अनुभवली आहे : पहिले तीन दिवस केवळ श्वासावर लक्ष, चौथ्या दिवसापासून विपश्यना, दहाव्या दिवशी मौन सुटते. स्वयंपाक दुसरे करतात, फोन जमा असतो, कुणी प्रश्न विचारत नाही. तिथली शांती खरी असते, पण त्या शांतीला आधार देणारी माणसे आपल्या कचेरीत नाहीत. शिवाय बुद्धाच्या ज्या सतिपट्ठान सुत्तावर, म्हणजे पाली भाषेतील प्रवचनावर, ही साधना उभी आहे, त्यात आसनावर बसण्याइतकेच चालणे, वळून पाहणे, चीवर पांघरणे, खाणे, पिणे, शौचाला जाणे, बोलणे आणि गप्प राहणे हेही जाणतेपणाने करावे असे सांगितलेले आहे. भिक्षूच्या दिवसातील सगळी किरकोळ कामे त्यात आली. आपल्या दिवसातील किरकोळ कामे कोणती, याची यादी आपणच करावी.

या संदर्भात विनोबांची आठवण होते. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ मध्ये त्यांनी कैद्यांसमोर दिलेली गीतेवरील प्रवचने साने गुरुजींनी लिहून घेतली. त्यात विनोबा कर्म आणि विकर्म असा भेद करतात : बाहेरची कृती ते कर्म, आणि त्या कृतीत मनाचा जो सहभाग असतो ते विकर्म, दोन्ही एकत्र आली की कर्माचे ओझे उरत नाही. हे ऐकणाऱ्यांत शिक्षा म्हणून कष्ट करणारे कैदी होते, हे विसरू नये. आपल्या बाबतीत मी एवढेच सुचवीन की, सकाळी पहिली ओळ लिहिण्यापूर्वी आदल्या दिवशी लिहिलेला कोड एकदा, काहीही न बदलता, शेवटपर्यंत वाचा. माळी सकाळी हातात खुरपे न घेता बागेतून एक फेरी मारतो, तसे. शिबिराला पुन्हा जायचे असेल तर अवश्य जा, पण या फेरीची सवय झाल्यावर जा.

प्रश्न : मी तासगाव तालुक्यातील द्राक्षबागायतदार आहे. अडीच एकर बाग आहे. तुमचा लेख वाचून हसू आले. आम्ही रात्रंदिवस निसर्गातच असतो. शहरातल्या माणसाला पाऊस म्हणजे कविता, आम्हाला पाऊस म्हणजे वेलीवरचा डाऊनी रोग आणि रात्री दोनला उठून फवारणी. मागच्या हंगामात घड वेलीतच जिरले, त्याआधी माल तयार झाला तेव्हा दर पडले. कर्ज डोक्यावर आहे, झोप लागत नाही. आता तुम्ही मला वेलीकडे प्रेमाने पाहायला सांगणार का?

उत्तर : नाही सांगणार. हे पत्र मी तीन वेळा वाचले, आणि जुलैचा लेख लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर खिडकीत बसलेला माणूस होता, बांधावर उभा असलेला नव्हता, हे मान्य करते.

गारपीट, पडलेले दर आणि कर्जाचा हप्ता यांवर अवधान हा उपाय नाही. त्यांवर उपाय विमा, साठवणूक, बाजार आणि संघटना यांत आहे, आणि तिथे भांडावेच लागते. झोप न लागण्याविषयी एक वेगळी विनंती आहे. ती दोन-तीन आठवडे सलग येत नसेल, किंवा जगण्याविषयी काळे विचार येत असतील, तर घरातल्या एका माणसाला ते आजच सांगा आणि १४४१६ या ‘टेलि-मानस’ क्रमांकावर बोला. तो सरकारी आणि निःशुल्क आहे, आणि तिथे मराठीत बोलता येते. पुढचे सगळे त्यानंतर वाचले तरी चालेल.

आता बागेविषयी, आणि इथे मी आपल्याला शिकवते आहे असे समजू नये, कारण या विषयात आपण माझ्या कितीतरी पुढे आहात. सोलापूर जिल्ह्यातील नान्नजच्या नानासाहेब काळे यांचे नाव आपण जाणता. थॉम्पसन सीडलेसच्या बागेत त्यांना वेगळे, लांबट मणी दिसले. ते त्यांनी जपले, वाढवले, आणि ‘सोनाका’ हे वाण आले. आपल्याच तालुक्यातील बोरगावच्या वसंतराव आर्वे यांच्या बागेतून ‘तास-ए-गणेश’ असेच पुढे आले. वनस्पतिशास्त्रात याला कायिक उत्परिवर्तन म्हणतात : वेलीच्या एखाद्या डोळ्यातील, म्हणजे काडीवरच्या कळीतील, पेशीत बदल होतो आणि त्या डोळ्यातून फुटणारी काडी वेगळी निघते. असा बदल निसर्गात अधूनमधून होतच असतो. तो कुणाच्या तरी बागेत झाला असेल, छाटणीच्या घाईत कात्रीखाली गेला असेल आणि कुणाला कळलेही नसेल. मी हे वर्गात शिकवत असे, पण मी एकही वेगळी काडी ओळखली नाही. त्या ओळखल्या त्या हजारो सारख्या काड्यांमधून रोज फिरणाऱ्या बागायतदारांनी. तिथे वेलीवर प्रेम किती होते मला ठाऊक नाही; नजर मात्र नक्कीच होती.

ऑक्टोबर छाटणी तोंडावर आली आहे. छाटणी झाली की काडीच्या डोळ्यांना पेस्ट लावायची, मग पुढचे आठ-दहा दिवस डोळा फुगतो, कापसतो, पोंगा म्हणजे कोंब बाहेर येतो, आणि मग एके दिवशी त्या पोंग्यात घड दिसतो किंवा दिसत नाही. त्या दिवसांत आपण बागेतून किती वेळा फिरता, आणि प्रत्येक फेरीत मनातली भीती आधी पोचते की नजर, एवढेच पाहावे असे मला वाटते. भीती आधी पोचली की माणूस घड शोधतो, वेल पाहत नाही. घडनिर्मिती तर एप्रिल छाटणीनंतरच्या दोन महिन्यांत आत होऊन गेलेली असते. ऑक्टोबरमध्ये आपण फक्त निकाल वाचत असतो. त्या दोन महिन्यांत ढग किती दिवस होते, पाणी किती दिले, शेंडा खुडून सबकेन म्हणजे पोटकाडी कधी केली, काडीची जाडी कोणत्या ओळीत कमी होती, हे कुणी लिहिलेले असेल तर जिरलेल्या घडाचे कारण हाती लागण्याची शक्यता असते.

श्रीपाद दाभोळकरांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला तो याच मातीत. विद्यापीठाची शिफारस येण्याची वाट न पाहता आपल्या बागेत आपणच पाहावे, नोंदवावे, आणि एकमेकांना पत्राने कळवावे, अशी ती रीत होती. आपल्या गावात तेव्हाची माणसे अजून असतील. त्यांच्या वह्या असल्या तर मागून घ्या. आपण दहा वेलींना रिबिनी बांधा. सकाळी पंप, मोबाइल, कात्री यांतले काहीही हातात न घेता त्या दहा वेलींजवळून पाच मिनिटे जा आणि जे दिसले ते लिहा. ‘प्रेमाने’ हा शब्द आपण वापरलात, मी नाही. मी फक्त ‘रोज’ म्हणते.

आणि पाऊस म्हणजे कविता, याबद्दल एक गोष्ट. मृग, आर्द्रा, मघा, हस्त ही सूर्यनक्षत्रे पावसाशी जोडणारे, हस्ताला ‘हत्ती’ म्हणणारे, पावशाच्या ओरडण्यात ‘पेरते व्हा’ ऐकणारे लोक शेतकरीच होते. शहरातल्या कवींनी ते त्यांच्याकडून उसने घेतले आहे. माढा तालुक्यातील अरणच्या सावता माळ्याची गोष्ट आपल्या घरी सांगितली जात असेल : मळ्यातले काम टाकून तो पंढरीला गेला नाही, विठ्ठलच त्याच्याकडे आला. बाकी संतांच्या पालख्या आषाढीला पंढरपूरला जातात, आणि सावता माळ्याच्या पुण्यतिथीला पांडुरंगाची पालखी अरणला येते. मी तो सोहळा एकदा पाहिला आहे. त्या दिवशीही रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या रानांत माणसे वाकून काम करत होती, पालखी जवळ आली तेव्हा उठली, हात जोडले, आणि पुन्हा वाकली.

प्रश्न : मी नाशिकच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात कामगार प्रतिनिधी आहे. व्यवस्थापनाने आमच्यासाठी ‘माइंडफुलनेस’चे सत्र ठेवले, त्याच महिन्यात जादा कामाचा दर कमी केला. ही कामगाराला गप्प बसवण्याची युक्ती नव्हे काय?

उत्तर : आपण वर्णन केलेल्या प्रसंगात तशी शंका घेण्याला पुरेपूर जागा आहे. अमेरिकेतील एमी रेझनेस्की आणि जेन डटन यांनी २००१ मध्ये रुग्णालयातील सफाई कामगारांविषयी लिहिले होते. त्यांतील काही जण स्वतःला रुग्ण बरा करणाऱ्यांपैकी एक मानत, रुग्णांशी बोलत, त्यांना काय हवे-नको ते पाहत, आणि त्यांना आपले काम अधिक मोलाचे वाटे. हा अर्थ त्यांनी स्वतः शोधलेला होता, आणि त्याचे श्रेय त्यांचे आहे. तोच अर्थ मालकाने वाटायला सुरुवात केली की मला धास्ती वाटते, कारण मग पगाराच्या जागी अर्थ दिला जाऊ लागतो. सत्राला बसा किंवा बसू नका, पण जादा कामाच्या दराचा प्रश्न पूर्ण अवधानाने मांडा. हिशेबाचे कागद नीट वाचणे हेही त्यातच येते.

प्रश्न : मुलुंडच्या एका सोसायटीत मी सुरक्षारक्षक आहे. बारा तास खुर्चीत. माझ्या कामात काय बघायचे?

उत्तर : या अंकातील सगळ्या पत्रांत आपले पत्र सर्वांत लहान आहे, आणि लक्ष ठेवणे हेच ज्याचे काम आहे असे आपण एकटेच आहात.

येत्या दोन-तीन आठवड्यांत पार्किंगमध्ये किंवा गच्चीच्या टाकीजवळ, जिथे पाणी सांडलेले असते तिथे, चिमणीपेक्षा सडपातळ एक पक्षी दिसेल. पाठ करडी, पोटाखाली पिवळा, आणि लांब शेपटी सारखी वर-खाली हलत असते. त्याला करडा धोबी म्हणतात. तो हिमालयाकडून आणि त्याच्याही उत्तरेकडून हिवाळ्यासाठी इकडे येतो, आणि हे पक्षी पुष्कळदा दर वर्षी त्याच ठिकाणी परततात. सोसायटीतील लोक गाडी काढण्याच्या घाईत असतात, त्यामुळे तो आला हे सर्वांत आधी आपल्यालाच कळेल. फाटकावरच्या नोंदवहीत गाडीचा क्रमांक, फ्लॅट आणि वेळ असे रकाने असतात, त्यात तो बसणार नाही. म्हणून शेवटच्या पानावर तारीख लिहा, आणि आम्हालाही कळवा. जमल्यास मार्चमध्ये तो दिसेनासा झाल्याची तारीखही.